ज्येष्ठमधाच्या डबीवर चार ओळी छापा : अन्न व औषध प्रशासनाच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
मुंबई

विषय : ज्येष्ठमध असलेली औषधे व खाद्यपदार्थ यांच्या वेष्टणावर प्रमाण, मुदत आणि सावधगिरीची सूचना मराठीतून छापण्याबाबत

महोदय,

ज्येष्ठमधाची पूड, गोळ्या, काढे, सिरप आणि चहा विकणाऱ्या प्रत्येक उत्पादकाला वेष्टणावर दोन आकडे आणि एक सूचना छापायला आपण सांगावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. पहिला आकडा, एका मात्रेतून ग्लायसिरायझिन, म्हणजे ज्येष्ठमधाला गोडी देणारे द्रव्य, किती मिलिग्रॅम पोटात जाते याचा. दुसरा, हे औषध वैद्यांना न विचारता सलग जास्तीत जास्त किती दिवस घ्यावे याचा. आणि सूचना अशी : रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊ नये.

मी फार्माकॉग्नोसी, म्हणजे वनस्पतिज औषधांची ओळख-पारख, हा विषय शिकवून निवृत्त झाले. ज्येष्ठमध हा माझ्या विषयातला अत्यंत लाडका नमुना. मुळीचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की पिवळे काष्ठ, त्यातून चाकाच्या आऱ्यांसारखे निघालेले मज्जाकिरण आणि तंतूंच्या जुडग्यांना लगडलेले कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक इतके स्पष्ट दिसतात की पहिल्या वर्षाच्या मुलालाही ओळख पटते. पुडीवर ८० टक्के सल्फ्युरिक आम्लाचा थेंब टाकला की ती गर्द पिवळी-नारिंगी होते. एवढ्याशा परीक्षेत वर्गातल्या मुलांचे चेहरे उजळायचे. तेव्हा या मुळीविषयी माझ्या मनात अढी आहे, असा समज कृपया होऊ नये. जे औषध खरोखर काम करते त्याच्या बाबतीतच प्रमाण सांगावे लागते. राखेची पुडी कितीही खाल्ली तरी कोणी विचारत नाही.

ज्येष्ठमध आपल्या घरात किती खोलवर गेला आहे हे आपल्याला सांगायला नको. बाळगुटीच्या डब्यात हळकुंड, वेखंड, मायफळ, मुरुडशेंग, हिरडा यांच्या शेजारी ज्येष्ठमधाची कांडी असतेच. सहाणेवर आईच्या दुधात तिचे दोन-चार वेढे उगाळून बाळाला चाटवणारी आजी अजून गावोगाव आहे. कीर्तनकाराच्या झोळीत, गायकाच्या खिशात, दिवसभर खडूच्या धुळीत बोलणाऱ्या शिक्षकाच्या मेजाच्या खणात एखादी कांडी असते. कोरडा खोकला लागला की मधात कालवून चिमूटभर पूड दिली जाते, तोंड आले की तिनेच गुळण्या होतात. पुण्यात रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात सुटी कांडी आजही तोलून मिळते. तिच्यातली बरीचशी अफगाणिस्तान, इराण, मध्य आशिया या बाजूंनी आलेली असते, कारण आपल्याकडे या झाडाची लागवड फार थोडी. आपल्या सवयीच्या मानाने हे औषध परदेशीच म्हणायचे, तरी ग्रंथांत त्याचे स्थान जुने आहे. चरकसंहितेने कंठ्य, म्हणजे गळ्याला हितकर, अशा दहा द्रव्यांत ज्येष्ठमध घेतला आहे. मेध्य, म्हणजे बुद्धीला हितकर, रसायनांत दुधाबरोबर त्याचे चूर्ण सांगितले आहे.

गळ्याविषयीच्या या जुन्या अनुभवाला अलीकडच्या चाचण्यांचाही आधार मिळाला आहे. शस्त्रक्रियेसाठी भूल देताना घशातून नळी घातली की नंतर दोन दिवस घसा खवखवतो. त्याआधी ज्येष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या केल्या तर ती खवखव बरीच कमी होते, हे २००९ साली लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतल्या भूलतज्ज्ञांनी दाखवले आणि पुढे २०१३ साली व्हिएन्नातूनही तसाच निष्कर्ष आला. यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे : गुळणी थुंकून टाकली जाते. गळ्याला हवे ते मिळते आणि पोटात जवळजवळ काही जात नाही. ज्यांना रोज गळा वापरायचा आहे आणि रक्तदाबही आहे, त्यांना मी नेहमी गुळण्यांचाच सल्ला देते.

आता पोटात गेल्यावर काय होते ते सांगते, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे.

ज्येष्ठमधाची गोडी ग्लायसिरायझिन या सॅपोनिनाची, म्हणजे पाण्यात फेस आणणाऱ्या वनस्पतिज द्रव्याची. साखरेच्या तीस ते पन्नास पट गोड. एका ट्रायटर्पीन गाभ्याला ग्लुक्युरॉनिक आम्लाचे दोन रेणू जोडलेले, अशी त्याची घडण. आतड्यातले जिवाणू ते दोन रेणू तोडून टाकतात आणि उरलेले ग्लायसिरेटिनिक आम्ल रक्तात शोषले जाते. यकृतातून पित्तावाटे ते पुन्हा आतड्यात येते, पुन्हा शोषले जाते, आणि असे फिरत राहिल्यामुळे रोज थोडेथोडे घेतले तरी शरीरात साचत जाते. ज्यांना बद्धकोष्ठ असते त्यांच्या आतड्यात मुक्काम लांबतो, म्हणून त्यांच्यात परिणामही जास्त दिसतो.

मूत्रपिंडात मीठ आणि पाणी राखून ठेवणारा जो ग्राहक (रिसेप्टर) आहे, त्याचा खरा मालक अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक. पण रक्तात कॉर्टिसॉल त्याहून शेकडो पटींनी जास्त असते आणि तेही त्या ग्राहकाला तितक्याच सहजपणे चिकटू शकते. ते चिकटू नये म्हणून तिथे एक विकर (एन्झाइम) दारवानासारखे उभे असते. त्याचे नाव ११-बीटा-हायड्रॉक्सीस्टेरॉइड डिहायड्रोजिनेज, दुसरा प्रकार. हे विकर कॉर्टिसॉलचे कॉर्टिसोन करते आणि कॉर्टिसोन त्या ग्राहकाला चिकटत नाही. ग्लायसिरेटिनिक आम्ल नेमके हे विकर बंद पाडते. मग कॉर्टिसॉल आत शिरते, मूत्रपिंड सोडियम धरून ठेवते, पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. अंगावर सूज, चढलेला रक्तदाब, स्नायूंत अशक्तपणा, पिंढऱ्यांत गोळे, बद्धकोष्ठ आणि पोटॅशियम फारच खाली गेले तर हृदयाचे ठोके बिघडणे, इथपर्यंत ही साखळी जाते. रक्त तपासले तर अल्डोस्टेरॉन आणि रेनिन दोन्ही कमीच दिसतात, त्यामुळे कारण सापडत नाही. मुळी बंद केली तरी विकर पूर्ववत व्हायला काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात.

हे ज्ञान कसे हाती आले ती हकिकत मी वर्गात नेहमी सांगत असे. नेदरलँड्समधल्या रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी १९४६ साली जठरव्रणाच्या रोग्यांना ज्येष्ठमधाचा अर्क दिला. व्रणाला आराम पडत होता. पण साधारण पाचांतल्या एका रोग्याच्या चेहऱ्यावर आणि हातापायांवर सूज येऊ लागली. त्यांनी ते लपवले नाही, लिहून छापले. १९५० साली त्यांच्याच देशातल्या मोल्हाउसेन आणि सहकाऱ्यांनी हा परिणाम मीठ धरून ठेवणाऱ्या संप्रेरकासारखा आहे हे दाखवले. १९६८ साली अमेरिकेत जेरोम कॉन यांनी ज्येष्ठमधामुळे होणाऱ्या या आभासी अल्डोस्टेरॉन-विकाराचे, म्हणजे अल्डोस्टेरॉन न वाढताही ते वाढल्यासारखी लक्षणे दिसण्याचे, वर्णन केले. विकराचे कोडे मात्र १९८७ साली एडिंबरामध्ये स्ट्यूअर्ट, एडवर्ड्स आणि त्यांच्या चमूने उलगडले. दरम्यान याच मुळीतल्या आम्लापासून कार्बेनॉक्सोलोन नावाचे व्रणावरचे औषध तयार होऊन १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये खूप चालले आणि सूज, रक्तदाब, पोटॅशियमची घट या त्याच तक्रारींमुळे मागे पडले. ज्या गुणाने औषध चालले त्याच रेणूने त्रास दिला. म्हणूनच पुढे ग्लायसिरायझिन काढून टाकलेला ज्येष्ठमध बाजारात आला. पोटाच्या तक्रारींसाठी तो आजही मिळतो, पण आपल्याकडच्या डबीवर तो काढलेला आहे की नाही हे सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत लिहिलेले मला क्वचितच दिसले.

आता थोडे गणित. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात यष्टीच्या, म्हणजे ज्येष्ठमधाच्या, चूर्णाची मात्रा २ ते ४ ग्रॅम दिली आहे. मुळीत ग्लायसिरायझिनचे प्रमाण जात, जमीन आणि वय यांनुसार साधारण २ ते १५ टक्के असते. युरोपीय औषधकोश किमान ४ टक्के मागतो. ४ टक्के धरले तर ३ ग्रॅम पुडीत १२० मिलिग्रॅम, ८ टक्के धरले तर २४० मिलिग्रॅम. युरोपीय संघाच्या अन्नविषयक वैज्ञानिक समितीने २००३ साली नेहमीच्या सेवनासाठी दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये असे म्हटले. आणि २०२४ साली स्वीडनच्या लिंशपिंग विद्यापीठातल्या प्रयोगात निरोगी तरुणांना रोज १०० मिलिग्रॅम दोन आठवडे दिले, तेव्हा त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ३ मिलिमीटरने वाढलेला आढळला. तीन मिलिमीटर फार नव्हेत, हे खरे. पण ती निरोगी, तरुण माणसे होती, आणि त्यांच्यातही काहींचा दाब बराच जास्त वाढला.

आपला औषधकोश चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. औषधकोशातली मात्रा वैद्याने रोगी पाहून, ठरावीक दिवसांसाठी द्यायची असते. खोकल्यासाठी आठ दिवस २ ग्रॅम घेणे वेगळे आणि सकाळच्या चहात एक चमचा पूड वर्षभर टाकत राहणे वेगळे. दुसरी गोष्ट आता सर्रास घडते. २०२० मध्ये घरोघर काढे उकळू लागले. आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या काढ्यात तुळस, दालचिनी, सुंठ, काळी मिरी आणि मनुका होत्या, ज्येष्ठमध नव्हता. तो लोकांनी आपापल्या आवडीने घातला, कारण काढा गोड होतो आणि घशाला बरे वाटते. त्याच वर्षी मे महिन्यात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि आयुष मंत्रालयाने कोविडवरच्या चाचण्यांसाठी निवडलेल्या औषधांत यष्टिमधु होता. ती बातमी सगळ्यांनी वाचली. चाचणीतली माणसे निवडलेली, मोजलेली, डॉक्टरांच्या नजरेखाली होती, हे मात्र बातमीबरोबर घरोघर पोचले नाही. साथ ओसरली, काढ्याची सवय राहिली.

आमच्या सोसायटीत एक सेवानिवृत्त शिक्षिका राहतात. रक्तदाबासाठी त्यांना लघवी वाढवणारी गोळी बरीच वर्षे चालू आहे. एका हिवाळ्यात त्यांना जिना चढवेना. मांड्यांत जोर नाही, रात्री पिंढऱ्यांत असे गोळे यायचे की झोप मोडे. दाब गोळी घेऊनही चढलेलाच. संधिवात म्हणून तेल चोळून झाले, कॅल्शियमच्या गोळ्या झाल्या. शेवटी कोणीतरी पोटॅशियम तपासले, ते अडीचच्या आसपास. साडेतीनच्या खाली गेले तरी काळजी करावी असा हा आकडा. रुग्णालयात दाखल करून शिरेतून पोटॅशियम द्यावे लागले. तपासणाऱ्यांनी सगळ्या गोळ्यांची नावे विचारली, पण काढा ‘औषध’ या यादीत त्यांनीही धरला नाही आणि बाईंनीही सांगितला नाही. घरचे होते ते, औषध कसले? त्या रोज दोन वेळा, भरपूर ज्येष्ठमध घातलेला तयार काढा घेत होत्या. डबीवर ‘संपूर्ण नैसर्गिक’ असे मोठ्या अक्षरांत होते. दिवसांची मर्यादा नव्हती, रक्तदाबाचा उल्लेख नव्हता, ज्येष्ठमधाचे नाव बारीक अक्षरांत, संस्कृत आणि लॅटिन नावात होते. काढा थांबला, काही आठवड्यांत बाई पुन्हा जिना चढू लागल्या. त्यांचा जीव वाचला तो नशिबाने, व्यवस्थेने नव्हे, आणि ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

सगळ्यांचे नशीब तसे नसते. २०२० साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या ५४ वर्षांच्या एका माणसाची नोंद न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. तो काही आठवडे रोज दीड पाकीट काळ्या लिकोरिसच्या, म्हणजे ज्येष्ठमधाच्या अर्काच्या मिठाईच्या, गोळ्या खात होता. पोटॅशियम धोकादायक खाली गेले, हृदयाची लय बिघडून तो कोसळला आणि वाचला नाही. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने चाळिशीपुढच्या लोकांना आधीपासूनच सांगून ठेवले आहे की रोज दोन औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम काळी लिकोरिस दोन आठवडे खाल्ली तर हृदयाच्या ठोक्यांची गडबड होऊन रुग्णालय गाठावे लागू शकते. आपल्याकडे मिठाई म्हणून ज्येष्ठमध कोणी खात नाही, पण पूड, काढा, चघळायच्या गोळ्या, खोकल्याचे सिरप आणि पानातला मसाला यांची बेरीज कोण करतो?

बेरजेबद्दल एक उदाहरण आवर्जून देते, कारण ते फार घरांत आहे. स्वादिष्ट विरेचन चूर्णात सोनामुखी, शुद्ध गंधक, बडीशेप, साखर आणि ज्येष्ठमध असतात. जुन्या ब्रिटिश औषधकोशातले ज्येष्ठमधाचे संयुक्त चूर्ण जवळजवळ याच घटकांचे होते. बद्धकोष्ठासाठी रात्री चमचाभर, दोन-चार दिवस, हे ठीक आहे. पण वयस्कर मंडळी ते वर्षानुवर्षे घेतात. सोनामुखीने जुलाबावाटे पोटॅशियम जाते, ज्येष्ठमधाने लघवीवाटे जाते, आणि त्यात रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी असेल तर लघवीवाटे आणखीच जाते. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर पोटॅशियम कमी होणे जिवावर बेतू शकते. पोटॅशियम कमी झाल्यावर आतडे मंदावते, बद्धकोष्ठ वाढते, आणि माणूस पुन्हा तेच चूर्ण घेतो. हा फेरा घरात कोणाच्या लक्षात येणार? सितोपलादी चूर्णाविषयीही लोक मला विचारतात. त्याच्या मूळ पाठात ज्येष्ठमध नाही. पण आता ‘सितोपलादीयुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत काय काय आहे हे लेबल वाचल्याशिवाय सांगता येत नाही, आणि ते लेबल वाचायला भिंग लागते.

गरोदरपणाचा मुद्दा मी वेगळा मांडते. मूत्रपिंडातले तेच विकर वारेतही (प्लॅसेंटा) असते आणि आईच्या कॉर्टिसॉलपासून गर्भाचे रक्षण करते. फिनलंडमध्ये लिकोरिस फार खाल्ली जाते, म्हणून हेलसिंकीतल्या संशोधकांनी तिथल्या मातांची मुले वर्षानुवर्षे पाहिली. आठवड्याला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लायसिरायझिन घेणाऱ्या मातांच्या मुलांमध्ये बुद्धिमापन आणि वर्तन यांत फरक त्यांना दिसले. त्यांचे लेख २००९ आणि २०१७ साली आले. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पक्का ठरत नाही, हे मान्य. तरीही फिनलंडने गरोदर स्त्रियांना लिकोरिस मोठ्या प्रमाणात खाऊ नये असा अधिकृत सल्ला दिला. आपल्याकडे गरोदर बाईला खोकला झाला की ‘गोळी नको, ज्येष्ठमध घे’ असे प्रेमाने सांगितले जाते. सांगणाऱ्या सासूला किंवा आईला दोष देऊन काय उपयोग? तिच्या हातातल्या डबीने तिला काही सांगितलेले नसते.

(बाळगुटीबद्दल काळजी वाटणाऱ्या आयांसाठी एवढेच : सहाणेवरच्या वेढ्यांतून जाणारे ज्येष्ठमधाचे प्रमाण फार थोडे असते. पण पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला मला पटतो.)

या मागणीवर काही वैद्यमित्र नाराज होतील याची मला कल्पना आहे. त्यांचे म्हणणे, हजारो वर्षे वापरलेल्या द्रव्यावर विषासारखी सूचना छापली तर आयुर्वेदाची बदनामी होते, आणि वेगळा काढलेला रेणू म्हणजे संपूर्ण मुळी नव्हे. दुसरा मुद्दा काही अंशी बरोबर आहे. संपूर्ण मुळीतून ग्लायसिरायझिन थोडे सावकाश शोषले जाते. पण वर सांगितलेले अनेक रोगी संपूर्ण मुळीचे किंवा तिच्या साध्या अर्काचेच होते. आणि पहिल्या मुद्द्याला उत्तर चरकानेच दिले आहे. चरकसंहितेतल्या विमानस्थान या विभागाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार आणि लवण या तीन द्रव्यांचा अतियोग करू नये असे स्पष्ट सांगितले आहे. यात पिप्पली तर रसायन म्हणून गौरवलेली! जी परंपरा आपल्या उत्तम औषधाच्या अतिवापराबद्दल इतक्या उघडपणे बोलते, तिच्या नावाने चालणाऱ्या कंपन्यांनी डबीवर चार ओळी छापायला का संकोचावे?

जपानचे उदाहरण माझ्या मते सर्वांत बोलके आहे. तिथली कांपो ही पारंपरिक वैद्यकपद्धती सरकारमान्य आहे, रुग्णालयांत वापरली जाते, आणि तिच्या बहुसंख्य औषधयोगांत ज्येष्ठमध असतो. म्हणजे आपल्यापेक्षाही ते या मुळीवर जास्त अवलंबून. तरी १९७८ पासून तिथल्या आरोग्य खात्याने ठरवून दिले आहे की दिवसाच्या मात्रेत ज्येष्ठमध ठरावीक प्रमाणाच्या वर असेल तर औषधाच्या माहितीपत्रकात आभासी अल्डोस्टेरॉन-विकाराचा इशारा द्यायचा, आणि दिवसाला अडीच ग्रॅम मुळी किंवा १०० मिलिग्रॅम ग्लायसिरायझिन असलेली औषधे पोटॅशियम कमी असलेल्या रोग्यांना द्यायची नाहीत. कांपो तिथे संपली नाही. डॉक्टर ती निर्धास्तपणे लिहून देतात, कारण काय पाहायचे ते त्यांना माहीत असते. युरोपीय संघाने तर २००४ सालीच मिठाईला नियम लावला : किलोला १०० मिलिग्रॅम ग्लायसिरायझिन असेल तर ‘लिकोरिस आहे’ असे छापायचे, आणि ४ ग्रॅमपासून पुढे असेल तर उच्च रक्तदाब असलेल्यांनी अतिसेवन टाळावे असेही.

आपल्या कायद्यात काय आहे? औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतला नियम १६१ असे सांगतो की परिशिष्ट ई(१) मधले विषारी द्रव्य असेल तर आयुर्वेदिक औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना इंग्रजी व हिंदीत छापावी. त्या परिशिष्टात वत्सनाभ, धोतरा, कुचला, बिब्बा, गुंज आहेत. ज्येष्ठमध नाही आणि नसावाही, कारण तो विष नाही. पण विष आणि निर्धोक यांच्या मधल्या औषधांसाठी नियमांत जागाच ठेवलेली नाही, ही खरी उणीव आहे. अन्नाच्या बाजूला अशी जागा आधीपासून आहे. कॅफीनयुक्त पेयावर मुले, गरोदर व स्तनदा माता यांच्यासाठी सूचना छापावी लागते. कॉफी विष आहे असे त्यामुळे कोणी मानले नाही.

गुंजेचे नाव आले म्हणून एक जोड मागणी. गुंजेच्या मुळ्या आणि पाला गोड असतात. गुंजपाला आपण पानात खातो, गवई गळ्यासाठी चघळतात. त्या मुळ्या ज्येष्ठमधात भेसळ म्हणून मिसळल्या जातात हे माझ्या विषयातल्या पाठ्यपुस्तकांनी पूर्वीपासून नोंदले आहे. गुंजेच्या बीत अॅब्रिन हे अत्यंत जहाल विष असते, तेव्हा त्या वेलीचा कुठलाही भाग नकळत औषधात यायला नको. सुटी कांडी आणि पूड यांचे नमुने आपले निरीक्षक घेतातच. त्यांत सूक्ष्मदर्शकाची ओळख-परीक्षा आणि ग्लायसिरायझिनचे मापन हे दोन्ही नियमित व्हावेत. त्यासाठी लागणारी उपकरणे बहुतेक फार्मसी महाविद्यालयांतही आहेत, आणि विद्यार्थ्यांना यापेक्षा चांगले काम कुठले मिळणार?

नियम बदलणे दिल्लीच्या हातात आहे, हे मी जाणते. पण महाराष्ट्रात आयुर्वेदिक औषधांच्या उत्पादनाचे परवाने आपल्या कार्यालयातून जातात, आणि अन्नसुरक्षेची अंमलबजावणीही आपल्याकडेच आहे. ज्येष्ठमधाची एक डबी औषध म्हणून आणि तिच्या शेजारची दुसरी खाद्यपदार्थ म्हणून विकली जाते. दोन्हींकडे एकाच वेळी पाहू शकेल असे राज्यातले कार्यालय आपलेच. परवानाधारकांना लेखी सल्ला देणे, औषध दुकानांत आणि काष्ठौषधींच्या दुकानांत लावायला मराठी फलक पाठवणे, डॉक्टर आणि वैद्य या दोघांनाही ‘रुग्णाला काढा विचारा’ असे परिपत्रक काढणे, यांपैकी कशालाही दिल्लीची परवानगी लागू नये. दिल्लीकडे आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषध तांत्रिक सल्लागार मंडळाला शिफारस पाठवायची ती बरोबरीने पाठवावी. आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी यंत्रणा दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. तिच्याकडे आपल्या राज्यातून नोंदी जातील तेव्हाच आपल्याकडे नेमके काय घडते आहे ते समजेल.

फलकावर आणि डबीवर छापायचा मजकूर मी खाली देते. भाषा मुद्दाम साधी ठेवली आहे. वैद्य, डॉक्टर आणि आपले अधिकारी यांनी मिळून ती सुधारावी :

‘यात ज्येष्ठमध आहे. एका मात्रेत ग्लायसिरायझिन — मिलिग्रॅम. वैद्यांच्या सल्ल्याशिवाय सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त घेऊ नये. रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असेल, गरोदर असाल, किंवा लघवीची गोळी, स्टेरॉइड, डिगॉक्सिन वा जुलाबाचे औषध चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नये. अंगावर सूज, पायांत गोळे किंवा अशक्तपणा जाणवला तर थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.’

थंडी सुरू झाली की काढ्यांचा खप वाढतो. त्याआधी निदान फलक दुकानांत लागावेत, अशी विनंती आहे. मजकूर तपासायला, नमुन्यांची परीक्षा शिकवायला किंवा बैठकीला मी कधीही, कोणतेही मानधन न घेता यायला तयार आहे.

आपली विश्वासू,
फार्माकॉग्नोसीची एक निवृत्त प्राध्यापिका,
पुणे